ग्रिझेलनं शिडी ओढली

त्या मे महिन्यात तळघरात जायला सगळ्यात आधी नकार दिला तो मांजरीनं. उंदरांसाठी पाळलेली करडी, दांडगी मांजर. कुत्र्यांनाही भ्यायची नाही. शिडीच्या मधल्या पायरीपर्यंत ती उतरायची, मान खाली घालून हुंगायची आणि अंगावर पाणी पडल्यासारखी उलटी वर पळायची.

"हिला वासानंच चढली वाटतं," मी म्हटलं. पिंपं घासणाऱ्या बाकीच्या बायका हसल्या. ग्रिझेल हसली नाही. ती हातातला कुंचला तसाच धरून तळघराच्या तोंडाकडे बघत राहिली.

स्कॉटलंडमधल्या ॲलोआला, बंदराच्या वरच्या चढावर आमचा एलचा, म्हणजे सातूंच्या दारूचा, कारखाना होता. मी एल्स्पेट, तिथं पिंपं धुवायला होते. आम्हा धुणाऱ्या बायकांची पुढारी ग्रिझेल. तिचे वडील एबेनेझर डॅलग्लीश म्हणजे एल बनवणारे मुख्य कारागीर. त्यांना सगळे मास्तर म्हणत. तिचा पाठचा भाऊ वॉटी वडिलांच्या हाताखाली, आणि नवरा निनियन कॉम्री पिंपं बांधायच्या कामावर. सगळं घरच त्या कारखान्यात राबत होतं म्हणा ना.

मास्तरांची जुनी एल आमच्याकडे नवसाची असल्यासारखी जपली जायची. भिजवलेल्या सातूंतून पहिल्यांदा जो दाट, गोड रस निघतो, तेवढाच तिला वापरायचा. नंतरच्या पाण्याची पातळ एल आम्ही कामकरी जेवताना प्यायचो, पोरांनाही द्यायचो. जुनीला मात्र थंडी लागायची. ऐन हिवाळ्यात ती चढवायची, हळूहळू आंबू द्यायची आणि मग तळघरातल्या लाकडी टाक्यांत वर्षानुवर्षं निजवून ठेवायची. बाहेर काढली की काळपट तांबडी दिसायची, मनुकांचा आणि जुन्या चामड्याचा वास यायचा, आणि घोट घेतला की ओठ एकमेकांना चिकटायचे. पेलाभर प्यालेला गडी उठताना भिंत धरायचा. आमच्या आजोबांच्या पिढीत ती जहाजांतून रशियापर्यंत जायची.

पण दिवस फिरले होते. लोकांना आता फिकट, कडू, हिंदुस्थानात पाठवतात तसली बिअर हवी होती. व्यापारी तोंडावर म्हणायचे, "मास्तर, तुमची ही एल म्हाताऱ्यांची. म्हातारे मेले की कोण पिणार?"  मास्तर तळघरात जाऊन टाकीवर हात ठेवून उभे राहायचे.

अशात लंडनच्या एका बड्या गिऱ्हाइकानं जुन्या एलची मागणी केली. जहाज बंदरात येऊन लागलं आणि मास्तरांनी टाकी उघडून चाखली, तर एल निजलेली. चव होती, जोर होता, पण जीव नव्हता. पेल्यात ओतली की तळ्यातल्या पाण्यासारखी पडून राहायची. मग त्यांनी ठरवलं, तिन्ही टाक्यांत नवी, उकळल्यासारखी फसफसणारी एल थोडी थोडी घालायची, म्हणजे जुनी जागी होईल. ही रीत काही त्यांनी काढलेली नव्हती. जुनीत नवी सगळेच मिसळत. पण थंडीत, आणि बेतानं.

"बाबा, हवा केवढी गरम झालीये," ग्रिझेल त्यांना म्हणाली. मी तिथंच होते. "आता आंबवण जागं केलं तर ते आवरायचं कुणी?"

"तू मला शिकवणार? तू पाळण्यात होतीस ना, तेव्हापासून या टाक्यांशी माझं बोलणं आहे."

"मग विचारा त्यांना. त्या काय म्हणतायत?"

वॉटी खो खो हसला. मोठा हसरा गडी, बैलासारखे खांदे. "अगं ताई, त्या म्हणतायत आम्हाला लंडन बघायचंय!" मास्तरही हसले, आणि नवी एल ओतली गेली.

दोन-चार दिवसांत टाक्या बोलायला लागल्या. खरंच सांगते. तळघराच्या तोंडाशी उभं राहिलं की खालून आवाज यायचा, मधमाश्यांचं पोळं भिंतीत दडलेलं असावं तसा. लाकूड कण्हायचं. टाक्यांच्या झाकणांवर फेस चढून खाली ओघळायचा. मी एकदा बादली घेऊन उतरले, तर मेणबत्तीची ज्योत बारीक होऊन निळी पडली, आणि माझ्या कपाळावर कुणी पट्टा आवळतंय असं झालं. पाय गुडघ्यापासून खाली माझे नव्हतेच. मी बादली टाकून वर आले आणि अंगणात बसून ओकले.

निनियननं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो कोळसा खणणाऱ्यांच्या घरातला. "मेलेली हवा," तो हळूच म्हणाला. हा शब्द आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक. खाणीत ती तळाशी साचते, दिसत नाही, वास येत नाही, पाण्यासारखी खालची जागा धरून बसते; आंबणाऱ्या एलमधूनही तीच निघते. निनियनचा बाप त्या हवेत पडला. बापाला काढायला काका उतरला, काकाला काढायला आणखी एक जण. तिघांनाही एकाच गाड्यावर घरी आणलं होतं. निनियनची आई सुनेला ही गोष्ट इतक्यांदा सांगायची की ग्रिझेलला ती तोंडपाठ झाली होती.

त्यानं मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणाले, "वरचं तोंड उघडं ठेवा, आणि फेस ओसरेपर्यंत कुणी उतरू नका. मलाही कळतं रे." म्हणजे त्यांनाही भीती होती. ती त्यांनी लपवली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजाचा कप्तान अंगणात आला. भरती साधायची होती. तो कारखान्याच्या धन्यांच्या खोलीत मोठमोठ्यानं बोलत होता. मास्तर ते ऐकत दारात उभे राहिले. मग ते वळले, मेणबत्ती घेतली आणि कुणाशी काही न बोलता तळघराकडे गेले. फक्त चाखून येतो, असं त्यांच्या मनात असणार. त्यांना उतरताना एकट्या ग्रिझेलनं पाहिलं.

"बाबा!" ती ओरडली. त्यांचं डोकं तळघराच्या तोंडाखाली गेलंही होतं.

आम्ही कामं टाकून तिथं जमलो. खाली अंधार, आणि ती गुणगुण. ग्रिझेल वाकून हाका मारत होती. आधी खालून "हो हो" असं काहीतरी आलं. मग काही नाही.

"बाबा, बोला! काही तरी बोला!"

वॉटी कोठारातून धावत आला. त्यानं विचारलंही नाही. बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाजूला केलं, एक मोठा श्वास छातीत भरला, आणि शिडीच्या पायऱ्या न मोजता घसरतच खाली गेला. आम्ही त्याची पावलं ऐकली. तो फरशीवरून पळत होता, इकडे, मग तिकडे. "बाबा कुठं—" एवढं म्हटलं त्यानं. त्या दोन शब्दांसाठी त्यानं श्वास सोडला असणार. मग काहीतरी जड पडलं.

आणि मग घोरणं सुरू झालं.

ते घोरणं मी विसरू शकत नाही. माणूस गाढ झोपेत घोरतो तसंच, पण लांबलेलं, ओढल्यासारखं. एक श्वास, मग थांबा, मग पुन्हा एक. वॉटी जिवंत होता. आमच्यापासून इतका जवळ, की हात लांब असता तर लागला असता.

निनियन तोवर पोचला होता. मेलेल्या हवेबद्दल आम्हा सगळ्यांत त्यालाच जास्त माहीत, आणि खाली जायला निघालाही तोच. त्यानं डगला काढून फेकला आणि शिडीवर पाय ठेवला.

"निनियन, नको."

"घोरतोय तो, ग्रिझेल! ऐक ना! अजून आहे तो!"

"ऐकतेय मी."

"दोन पावलांचं काम आहे. कंबरेला धरतो आणि आणतो."

"तुझा काका हेच म्हणाला होता."

तो थबकला. तेवढ्यात तिनं शिडीचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि वर उचललं. निनियनचा पाय सटकला, तो तळघराच्या काठावर आडवा पडला. "एल्स्पेट, धर!" ती किंचाळली. मी धरली. का धरली ते मला आजही सांगता येत नाही. तिचा चेहरा बघून धरली. आम्ही दोघींनी ती जड शिडी ओढून अंगणात टाकली आणि ग्रिझेल तिच्यावर बसली. खरंच, फतकल मारून बसली. पिंपं वर चढवायची साखळी तिनं आधीच ओढून घेतलेली होती.

मग जे झालं ते फार वाईट झालं. सगळे तिच्यावर तुटून पडले. "वेडी झालीस का?" "सख्खा भाऊ आहे तुझा!" भट्टीवरच्या एका गड्यानं तिला दंडाला धरून ओढलं, तर तिनं त्याच्या हाताचा चावा घेतला. धनी बाहेर येऊन ओरडले, "शिडी सोड, बाई! मी सांगतोय!" कप्तानानं टोपी काढून हातात धरली होती. आणि निनियन, जो तिला कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता, तो तिच्यासमोर गुडघे टेकून म्हणाला, "तू त्याला मारतेयस. कळतंय तुला? तू मारतेयस त्याला."

खालून घोरणं चाललंच होतं. दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. आम्ही सगळे त्या अंतरात गप्प व्हायचो आणि पुढचा श्वास आला की पुन्हा आरडाओरडा. 

"गटाराचं दार," ग्रिझेल म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द स्वच्छ होते. "निनियन, खालच्या अंगाला गटाराचं दार आहे. फळ्या ठोकून बंद केलंय. ते फोड. ती हवा पाण्यासारखी वाहते, तुझी आईच सांगते ना? वाट दे तिला. जा!"

तो गुडघ्यांवरून हलला नाही.

"तू उतरलास तर मला तिघांना काढावं लागेल. जा ना रे!"

तो उठला, कुऱ्हाड उचलली आणि उताराकडे धावला. बाकीचे जणू कुणी तरी कामाला लावायचीच वाट बघत होते. भिंती सारवायला आणलेला चुना अंगणात होता. तो पाण्यात कालवून आम्ही बादल्यांनी तळघरात फेकायला लागलो. चुना ती हवा खातो असं खाणीतले लोक मानतात. दोघांनी शिडाचं कापड आणून तोंडाशी वरखाली हलवायला सुरुवात केली. उताराच्या बाजूनं कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते. ग्रिझेल शिडीवर बसून होती आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, प्रार्थना म्हणतेय. जवळ गेले तर ती वॉटीचा श्वास मोजत होती.

फळ्या फुटल्याचा आवाज आला, आणि त्याच सुमाराला घोरणं थांबलं.

आम्ही वाट पाहिली. पुढचा श्वास आला नाही. ग्रिझेलचे ओठही थांबले. ती हलली नाही, रडली नाही. फक्त तिच्या हाताची बोटं शिडीच्या पायरीवर इतकी घट्ट होती की पांढरी पडली होती. मला त्या क्षणी तळघराची नाही, तिची भीती वाटली.

उताराखाली, गटाराच्या दाराशी निनियनलाही भोवळ आली होती. दार फुटलं तशी ती हवा त्याच्या पायांशी आली आणि तो गुडघ्यांवर पडला. कप्तानाच्या खलाशांनी त्याला ओढून बाजूला केलं. गटाराच्या तोंडाशी वाढलेलं गवत वारा नसताना लवत होतं, असं त्यांतला एक जण नंतर सांगायचा.

ग्रिझेलनं मेणबत्ती दोरीला बांधली आणि खाली सोडली. ती माणसाच्या छातीइतक्या उंचीवर विझली. वर घेतली, पेटवली, थांबली, पुन्हा सोडली. कंबरेशी विझली. धनी काही बोलू लागले तर तिनं हात वर केला आणि ते गप्प राहिले. पुन्हा. गुडघ्याशी विझली. पुन्हा. शेवटी ज्योत फरशीवर टेकली आणि बारीकशी का होईना, जळत राहिली. त्या उजेडात वॉटीचा बूट दिसला.

तेव्हा कुठं ती शिडीवरून उठली.

निनियन कंबरेला दोर बांधून उतरला, तोंडाला ओलं फडकं. त्यानं वॉटीला वर पाठवलं. वॉटीचा चेहरा लालबुंद होता, थंडीत खेळून आलेल्या पोरासारखा. आम्ही त्याला गवतावर आडवं केलं, छाती दाबली, हाका मारल्या. तो गेला होता.

"मास्तर?" वरून कुणी तरी विचारलं.

खालून निनियनचा आवाज यायला वेळ लागला. "इथं फरशीवर नाहीत." आणि मग, "अरे देवा. वर आहेत."

झालं होतं असं. मास्तरांना डोकं गरगरल्यासारखं झालं तेव्हा ते शिडीकडे न येता मधल्या टाकीच्या फळीवर चढले; चाखायला ते नेहमी तिथंच चढत. तिथं, छताजवळ, हवा थोडी बरी होती. त्यांचं अंग लुळं पडलं, आवाज गेला, पण शुद्ध पूर्ण गेली नाही. ते त्या फळीवर पालथे पडून होते. त्यांच्याखाली फरशीवर मुलगा त्यांना शोधत धावला होता, त्यांच्याच खाली पडला होता, आणि ते घोरणं त्यांनीही सगळं ऐकलं होतं.

मास्तर जगले.

गावात बोललं जायचं ते बोललं गेलं. बाजारात बायका ग्रिझेलकडे पाठ करायच्या. कुणी म्हणायचं, तिनं शिडी दिली असती तर वॉटी वाचला असता. कुणी म्हणायचं, मग निनियनही गेला असता. पाद्र्यानं चर्चमध्ये तिचं नाव न घेता देवाच्या दयेवर प्रवचन दिलं, आणि ते ऐकताना सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती सरळ बसून होती. निनियननं तिचा हात सगळ्यांदेखत धरून ठेवला होता, आणि आमच्याकडे नवरे चर्चमध्ये असं करत नाहीत.

आणि ती एल? ती सुरेख झाली. जागी झाली, झळाळली, पेल्यात बारीक मोत्यांसारखे बुडबुडे. धन्यांनी ती जहाजावर चढवली. लंडनहून निरोप आला की अशी एल कित्येक वर्षांत चाखली नाही, आणखी पाठवा. आमच्यापैकी एकानंही तिला तोंड लावलं नाही.

आणखी पाठवायला कुणी नव्हतं. मास्तर पुन्हा कारखान्यात आले नाहीत. हिवाळ्यात नवा माणूस आला, फिकट बिअर करणारा. ती काही आठवड्यांत तयार व्हायची आणि तिला तळघर लागायचंच नाही. तिन्ही टाक्या तोडून त्यांचं लाकूड विकलं. तळघराचं तोंड दगडांनी बुजवलं, तरी मी त्यावरून कधी चालले नाही. वळसा घालून जायचे.

मास्तरांना ग्रिझेलनं आपल्या घरी आणलं. ते चुलीजवळ बसायचे, ओट्सची लापशी खायचे, आणि लेकीशी एक अक्षर बोलायचे नाहीत. निनियन घोरायला लागला की ती अंथरुणातून उठून बाहेर जाते, असं तिनं मला एकदा सांगितलं. आणि तो घोरायचा थांबला की जास्त घाबरते. दोन्हीकडून सुटका नव्हती.

एका दुपारी मी हेरिंग मासे घेऊन त्यांच्याकडे गेले होते. ग्रिझेल मासे साफ करत होती. मास्तर अचानक बोलले; कित्येक महिने न वापरलेला आवाज, दार घासल्यासारखा.

"शिडी ओढलीस तेव्हा मी जिवंत असेन असं वाटलं होतं तुला?"

ग्रिझेलच्या हातातली सुरी थांबली. ती खोटं बोलू शकली असती. "नाही, बाबा. तुम्ही गेलात असंच मी धरलं होतं."

"आणि तो?"

"तो आहे हे मला ऐकू येत होतं."

म्हाताऱ्यानं चुलीतला विस्तव ढोसला. मला वाटलं, आता शिव्या देणार किंवा रडणार. "मलाही ऐकू येत होतं," ते म्हणाले. "मी त्याला सांगत होतो, वर बघ. वर बघ म्हणत होतो. तोंडातून निघतच नव्हतं." मग त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे. तुला मासे नीट साफ करता येत नाहीत. आईसारखीच आहेस, अर्धं मांस खवल्यांबरोबर टाकून देतेस."

तिनं सुरी त्यांना दिली. ते मासा साफ करू लागले, आणि ती त्यांच्याजवळच्या बाकावर बसून राहिली.